मानवधर्म, परमहंस, प्रार्थना, सत्यशोधक : चार नावांतून दिसणारी धर्मजिज्ञासा

१. प्रश्नाचे स्वरूप

एकोणिसाव्या शतकातील पश्चिम हिंदुस्थानच्या धर्मविचाराचा इतिहास बहुधा थोर व्यक्तींच्या चरित्रांतून किंवा सुधारणांच्या जंत्रीतून सांगितला जातो. या दोन्ही पद्धतींचे महत्त्व मान्य करूनही एक तिसरा मार्ग संभवतो. त्या काळच्या माणसांनी आपल्या संस्थांना जी नावे दिली त्यांचा अर्थ लावून पाहणे, हा तो मार्ग होय. नाव ठेवताना संस्थापकाला निवड करावी लागते. भाषेच्या भांडारातील एक शब्द घेऊन दुसरे बाजूस सारावे लागतात, आणि जो शब्द घेतला त्याचा पूर्वेतिहासही पदरी पडतो. खरा धर्म कोठे शोधावा, या प्रश्नाचे उत्तर संस्थापकांनी ग्रंथांतून दिले त्यापूर्वीच ते पुष्कळ अंशी नावातून दिलेले असते.

१८४४ ते १८७३ या तीस वर्षांच्या आतच्या काळात अशी चार नावे पुढे आली : सुरतेची मानवधर्म सभा (१८४४), मुंबईची परमहंस सभा (१८४९), मुंबईचाच प्रार्थना समाज (१८६७) आणि पुण्याचा सत्यशोधक समाज (१८७३). पहिल्या तिन्हींत तर्खडकर घराण्यातील दोन भावांचा, म्हणजे दादोबा पांडुरंग व आत्माराम पांडुरंग यांचा, निकटचा संबंध होता. चौथी संस्था जोतीराव फुले यांनी स्थापिली, व तिचा पाया पहिल्या तिन्हींहून सर्वस्वी निराळ्या सामाजिक भूमीत होता. या चार नावांचा क्रमाने विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ज्या परिस्थितीत ही जिज्ञासा जागी झाली तिचे स्वरूप प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. मुंबईत १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावू लागली, १८५७ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले, आणि १८५४ मध्ये स्थापन झालेली पहिली कापडगिरणी दोन वर्षांत चालू झाली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव अतोनात चढले. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरांचा सट्टा बोकाळला, आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये सगळा डोलारा कोसळला. १८६४ च्या गणनेत शहराची वस्ती ८,१६,५६२ भरली होती, ती १८७२ मध्ये ६,४४,४०५ एवढीच राहिली. इतक्या थोड्या अवधीत इतकी माणसे येतात व जातात, अशा शहरात माणसाच्या चित्ताची अवस्था काय असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

या अवस्थेला मराठीत एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे 'व्यग्र'. संस्कृतात 'अग्र' म्हणजे टोक. ज्याच्या चित्ताचे टोक एक तो एकाग्र, व ज्याची टोके अनेक दिशांना विखुरलेली तो व्यग्र. आधुनिक मराठीत मात्र 'कामात व्यग्र' असे म्हटले की 'कामात गढलेला' असा अर्थ होतो, आणि तो बहुधा कौतुकाने घेतला जातो. विखुरलेपणाचा वाचक शब्द उद्योगशीलतेचा वाचक व्हावा, ही गोष्ट अर्थपरिवर्तनाचा नमुना म्हणून तर लक्षणीय आहेच. पुढे जी चर्चा करावयाची आहे तिच्या मुळाशीही हाच प्रश्न आहे. चित्त विखुरणाऱ्या नव्या जगात राहून, त्या जगाचा त्याग न करता, धर्माचा खरा अर्थ शोधता येतो काय, हा तो प्रश्न होय.

२. मानवधर्म

दादोबा पांडुरंग (१८१४–१८८२) यांचे नाव मराठीच्या अभ्यासकांस प्रथम आठवते ते व्याकरणकार म्हणून. त्यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. पुढे सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक असताना तेथील सरकारी शाळेचे शिक्षक दुर्गाराम मंछाराम मेहता यांच्याशी त्यांचा स्नेह जडला, आणि १८४४ मध्ये मानवधर्म सभा स्थापन झाली. दादोबा, दुर्गाराम, दिनमणिशंकर, दलपतराम व दामोदरदास अशी तिच्या प्रमुखांची नावे असल्यामुळे गुजरातच्या इतिहासात ही मंडळी 'पाच दद्दे' म्हणून ओळखली जातात.

ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या कार्यामुळे त्या वेळी वातावरण तापलेले होते. १८३९ मध्ये मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत यास पुन्हा जातीत घेण्याच्या प्रश्नावरून बाळशास्त्री जांभेकरांस सनातन्यांशी झुंजावे लागले. अशा प्रसंगी सुशिक्षित तरुणापुढे दोनच वाटा उघड्या दिसत होत्या. एक तर आहे तो आचार डोळे मिटून पाळावा, नाही तर धर्मांतर करावे. सुरतेच्या सभेने या दोहोंपलीकडे जाण्याचा यत्न केला. जादूटोणा व मंत्रतंत्र करणाऱ्यांस तिने आपल्या शक्तीचे प्रत्यक्ष प्रमाण देण्याचे आव्हान दिले, आणि जातिभेदाचा निषेध केला.

तिचे नाव भाषेच्या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. 'मानवधर्मशास्त्र' हे मनुस्मृतीचेच एक प्रचलित नाव होय. त्या नावात 'मानव' याचा अर्थ 'मनूचा, मनुप्रोक्त' असा आहे. अर्थात परंपरेच्या वापरात मानवधर्म म्हणजे मनूने सांगितलेला, वर्णावर्णांची कर्तव्ये वेगळी करणारा धर्म. सुरतेच्या सभेने हाच सामासिक शब्द घेतला, परंतु 'मानव' या पदाचा अर्थ 'मनुष्यमात्र' असा केला. एकाही अक्षराचा बदल न करता भेदाचा वाचक शब्द अभेदाचा वाचक झाला. हा श्लेष हेतुपुरस्सर साधला होता की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. शब्द जुना राहावा आणि आशय नवा व्हावा ही त्या पिढीची मनोधारणा त्यातून व्यक्त होते, हे महत्त्वाचे.

दादोबांच्या व्याकरणकार्याशीही या कल्पनेचे नाते दिसते. बोलीबोलींत विखुरलेल्या भाषेचे सामान्य नियम शोधून काढणे हे व्याकरणकाराचे काम, आणि पंथोपपंथांत विखुरलेल्या आचारांखालील सामान्य धर्म शोधणे हे मानवधर्मवाद्याचे काम. एकाच मनुष्याने ही दोन्ही कामे हाती घ्यावीत यात काही विसंगती नाही. तथापि या साम्याला मर्यादा आहे. व्याकरणाचा नियम न पाळणारा फार तर अशुद्ध बोलतो, पण धर्माचा सामान्य नियम मानून जातीचा विशेष नियम मोडणाऱ्याचे घरदार, सोयरीक व श्राद्धपक्ष सर्वच धोक्यात येतात. दादोबा १८४६ मध्ये मुंबईस परतले तेव्हा सभेचा जोर ओसरला, आणि १८५२ मध्ये दुर्गाराम राजकोटास गेल्यावर ती बंद पडली. सामान्य धर्म काय, हे सभेने सांगितले होते. तो पाळण्याची किंमत कोणी व कशी द्यावी, हा प्रश्न मुंबईच्या संस्थेकडे आला.

३. परमहंस

१८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेचे अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर हे होते, व विचारांचे सूत्र दादोबांचे होते. ईश्वर एक आहे, नीती व प्रेम हा खऱ्या धर्माचा पाया आहे, मनुष्यमात्राची जात एक आहे, विचाराचे स्वातंत्र्य प्रत्येकास असावे आणि ज्ञान सर्वांस मिळावे, अशी तिच्या विचाराची मुख्य अंगे सांगता येतील. दादोबांचे 'धर्मविवेचन' १८६८ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात या विचारांची मांडणी आढळते. मात्र सभेचे कामकाज गुप्त चाले. तिच्या बैठकांत मराठीतून प्रार्थना म्हटल्या जात, आणि सभासद होणाऱ्यास जातिबंधन न मानण्याची प्रतिज्ञा करून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे व मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे.

परमहंस हे संन्यासाच्या चार प्रकारांतील सर्वश्रेष्ठ प्रकाराचे नाव आहे. कुटीचक, बहूदक, हंस व परमहंस अशी ती चढती श्रेणी. परमहंसाला शिखासूत्र नाही, वर्णाश्रमाचा निर्बंध नाही, आणि अन्न कोणाच्या हातचे याचा विधिनिषेध नाही. म्हणजे जातिबंधनापलीकडची अवस्था परंपरेनेच मान्य केलेली होती. ती कोणासाठी, एवढाच प्रश्न होता. सभेच्या तरुणांनी ही मान्य अवस्था आपल्याकडे ओढून घेतली. जे आचरण परकीयांच्या अनुकरणाचे म्हणून निंदिले जाणार होते, त्याला त्यांनी स्वकीय परंपरेतील परमोच्च पदाचे नाव दिले. नावाची ही निवड अतिशय मार्मिक होती, यात संशय नाही.

परंतु सभेचे दौर्बल्यही याच नावात होते. संन्यासी जातीचे नियम मोडतो तो घर, द्रव्य व वारसा या सर्वांचा उघडपणे त्याग केल्यावर. समाजही त्याला ती मोकळीक देतो, कारण समाजाच्या व्यवहारात त्याचा वाटा उरलेला नसतो. सभेचे सभासद गृहस्थ होते. शाळाकचेऱ्यांत नोकरी करणारे, मुलाबाळांची लग्ने जातीत जुळविणारे असे ते संसारी लोक होते. परमहंसाची मुभा त्यांनी घेतली, पण त्याच्या त्यागाची अट त्यांना पाळता येण्याजोगी नव्हती. या दोहोंमधील अंतर भरून काढण्याचे साधन म्हणजे गुप्तता. दार बंद असेतो परमहंस, व दार उघडताच पूर्वीचा जातिवंत गृहस्थ, अशी दुहेरी अवस्था त्यामुळे निर्माण झाली.

१८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीस जाऊन सभासदांची नावे बाहेर फुटली, आणि सभा संपुष्टात आली. खरे पाहता तिच्या तत्त्वांचे खंडन कोणी केले नव्हते. नावांची यादी उघड होणे एवढेच तिच्या अंतास पुरेसे झाले. यावरून त्या सभासदांस भित्रे ठरविणे सोपे आहे, परंतु तसे करणे इतिहासदृष्ट्या न्याय्य होणार नाही. बहिष्कार म्हणजे विहीर, न्हावी, भटजी, सोयरे, किंबहुना प्रेताला खांदा देणारे सुद्धा, एका दिवसात नाहीसे होणे. त्या भयाचे वजन आज सहज जाणवणारे नाही. तरीही या घटनेने पुढील पिढीपुढे एक प्रश्न टाकला तो टाळता येण्यासारखा नव्हता. जी श्रद्धा उजेडात येताच विरून जाते ती खरी म्हणावी काय?

४. प्रार्थना

डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने ३१ मार्च १८६७ रोजी प्रार्थना समाजाची स्थापना झाली. तो रविवार होता. केशवचंद्र सेन १८६४ मध्ये मुंबईस येऊन गेले होते, व त्यांच्या व्याख्यानांचा परिणाम तेथील सुशिक्षितांवर झालेला होता. लवकरच न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे विद्वान समाजास येऊन मिळाले. १८७३ मध्ये 'सुबोधपत्रिका' निघाली, आणि १८७६ मध्ये श्रमजीवी लोकांसाठी रात्रीची शाळा सुरू झाली.

नावातील दोन्ही पदे विचारणीय आहेत. प्रथम 'समाज' हे पद. सुरतेची सभा, मुंबईची सभा, आणि कोलकात्यास राममोहन रॉय यांनी १८२८ मध्ये आरंभिलेलीही मुळात ब्राह्मसभाच होती, तिचा पुढे ब्राह्मसमाज झाला. सभा म्हणजे बसलेली मंडळी. ती उठली की सभा संपते. समाज म्हणजे समुदाय. तो बैठक संपल्यावरही राहतो. एका मोठ्या समाजात राहूनच आपला दुसरा समाज उभा करावयाचा, असा संकल्प या पदबदलात आहे, आणि या समाजाची दारे उघडी होती. परमहंस सभेच्या अनुभवातून घेतलेला हा पहिला धडा होय.

'प्रार्थना' या पदाचा मूळ अर्थ मागणे, विनंती करणे असा आहे. जुन्या मराठीच्या व्यवहारात प्रार्थना राजाला, धन्याला किंवा थोर पुरुषाला करावयाची असे. देवाच्या संबंधात पूजा, भजन, कीर्तन, नामस्मरण, करुणा भाकणे असे शब्द अधिक रुळलेले होते. ठरलेल्या दिवशी एकत्र बसून ईश्वराला उद्देशून शब्द उच्चारणे, या अर्थी 'प्रार्थना' हा शब्द रूढ होण्यास ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या मराठीचा मोठा हातभार लागला. मुंबईकरांनी बंगालचे 'ब्राह्म' हे नाव घेतले नाही. त्यांनी आपल्या संस्थेला तत्त्वाचे किंवा अवस्थेचे नाव न देता कृतीचे नाव दिले. मानवधर्म हा सिद्धान्त होता, परमहंस ही अवस्था होती, प्रार्थना ही करावयाची गोष्ट आहे. खरा धर्म विचारात किंवा पदवीत नसून नियमाने केलेल्या एका कृतीत सापडतो, असे हे नाव सांगते.

ही कृती कोणत्या शब्दांनी करावयाची, हा पुढचा प्रश्न होता, आणि तेथे समाजाला तुकाराम भेटला. विष्णु परशुराम शास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी सिद्ध केलेली तुकारामाची गाथा १८६९ व १८७३ मध्ये दोन भागांत, सरकारच्या साहाय्याने, इंदुप्रकाश छापखान्यातून प्रसिद्ध झाली. वारकऱ्यांच्या मुखी असलेले अभंग आता शहरातील वाचकाच्या हाती छापील रूपाने आले, आणि समाजाच्या उपासनेत त्यांना मानाचे स्थान मिळाले. ज्या भाषेत नव्या सुशिक्षितास कचेरीत काही बोलता येत नसे, त्याच भाषेत त्याला अंतःकरणातील बोलता येऊ लागले, हे समाजाचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु अभंग घेतला तेव्हा विठ्ठलाची मूर्ती, वारी व पंढरीची वाट मागे राहिली. वारकऱ्याचा अभंग पायांनी चालत होता. गिरगावातील मंदिरात तो आसनस्थ झाला. त्यामुळे त्याचा अर्थ अधिक अंतर्मुख झाला असे समाजाचे अनुयायी म्हणतील. तो शेतातल्या माणसापासून तुटला असे टीकाकार म्हणतील. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

समाजाच्या तात्त्विक भूमिकेसाठी रानड्यांनी लिहिलेल्या निबंधाचे नाव 'एकेश्वरनिष्ठांची कैफियत' असे आहे. हे नावही बोलके आहे. कैफियत हा अरबी-फारशीतून आलेला दप्तरी शब्द. न्यायालयात प्रतिवादीने दिलेल्या लेखी जबाबास कैफियत म्हणतात. न्यायाधीशाने आपल्या श्रद्धेचे निवेदन करताना स्वतःला प्रतिवादीच्या जागी उभे करावे, यात त्या काळची सारी स्थिती सामावलेली आहे. एका बाजूस सनातनी, दुसऱ्या बाजूस मिशनरी, आणि तिसऱ्या बाजूस नव्या विद्येतून आलेला संशय, असे तीन फिर्यादी त्याच्यापुढे होते. पूर्वीच्या भक्ताला देवापुढे गाऱ्हाणे घालावे लागे. आधुनिक भक्ताला आपल्या देवाविषयी जगापुढे जबाब द्यावा लागतो.

आणि हा जबाब उक्तीबरोबर कृतीतही मागितला जातो, याचा अनुभव रानड्यांना आलाच. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका समारंभास गेलेल्या मंडळींना चहा देण्यात आला. गोपाळराव जोशी यांनी 'पुणे वैभव' पत्रात उपस्थितांची नावे प्रसिद्ध केली, आणि ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, व अखेर रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. तीस वर्षांपूर्वी पावाच्या तुकड्यावरून जे घडले तेच आता चहाच्या पेल्यावरून घडले. दोन्ही वेळा निर्णायक वस्तू एकच होती : नावांची यादी. फरक एवढाच की परमहंस सभा यादीमुळे मोडली, तर रानडे यादीनंतरही समाजात राहिले, परंतु वाकून राहिले. अनेकांना बरोबर घेऊन हळूहळू पुढे जावे, या धोरणाने त्यांनी तसे केले, हे त्यांच्या चरित्राशी सुसंगतच आहे. तथापि प्रार्थनेच्या खरेपणाची कसोटी प्रार्थनामंदिराबाहेर लागते, हे या प्रकरणाने पुन्हा एकदा दाखवून दिले.

५. सत्यशोधक

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. ईश्वर व मनुष्य यांच्यामध्ये मध्यस्थ नको, या तत्त्वावर त्याची उभारणी होती, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ब्राह्मण पुरोहितावाचून लग्न लावून त्याने ते तत्त्व व्यवहारात आणले. यादी उघड होण्याच्या भयाचा येथे प्रश्नच उरला नाही. मांडवातले लग्न ही गावाने पाहावयाचीच गोष्ट असते.

'शोध' हा शब्द मूळ संस्कृत 'शुध्' धातूपासून आला आहे. शुद्ध करणे, गाळून घेणे, चुका काढणे हा त्याचा जुना अर्थ, आणि हरवलेले किंवा अज्ञात धुंडाळणे हा मराठीत प्रबळ झालेला अर्थ. सत्यशोधक या नावात हे दोन्ही अर्थ जिवंत आहेत. सत्य कोठे तरी दूर दडलेले असून ते धुंडाळावयाचे, एवढेच हे नाव सांगत नाही. जे सत्य म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पुढे ठेवले गेले ते चाळणीत घालून पाहावयाचे, असेही ते बजावते. पहिल्या तिन्ही नावांत जे साध्य आहे ते जणू हाताशी आलेले आहे. या चौथ्या नावात मात्र साध्यापेक्षा साधकाची क्रिया प्रधान आहे, आणि ती कोठे संपते हे नाव सांगत नाही.

फुल्यांनी ईश्वरासाठी 'निर्मिक' हा शब्द वापरला. देव, ईश्वर, ब्रह्म या शब्दांना चिकटलेला पुराणांचा व दर्शनांचा इतिहास त्यांना नको होता. निर्माण करणारा एवढाच अर्थ सांगणारा, पूर्वसंस्कारांपासून मोकळा असा शब्द त्यांनी पसंत केला. दादोबांनी जुन्या शब्दात नवा अर्थ भरला होता, तर फुल्यांनी नव्या अर्थासाठी नवाच शब्द पुढे आणला. ही केवळ शैलीची भिन्नता नव्हे. परंपरेच्या घरात ज्याला काही वाटा मिळाला होता तो त्या घराची डागडुजी करू पाहतो. ज्याला उंबऱ्याबाहेरच ठेवले होते त्याला नव्या पायाचा विचार करावा लागतो. मात्र घाट त्यांनीही सर्वस्वी टाकला नाही. त्यांच्या धर्मपर पद्यरचना अभंगाच्या वळणाच्या असून त्यांना त्यांनी 'अखंड' असे नाव दिले. त्यांचे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या नावातील 'सार्वजनिक' हे पद सुरतेच्या 'मानव' या पदाशी ताडून पाहण्यासारखे आहे. 'मानव' या पदाने सर्व मनुष्यांविषयी विधान केले, आणि 'सार्वजनिक' या पदाने त्या धर्मावर सर्वांची मालकी सांगितली.

येथेच व्यग्रतेच्या प्रश्नाला एक निराळे वळण मिळते. प्रार्थना समाजाची साप्ताहिक उपासना रविवारी होई. तिथी, एकादशी व सणवार यांनी आखलेल्या कालगणनेच्या जागी कचेरीच्या आठवड्याने आखलेली कालगणना आली होती, आणि कचेरीच्या नोकराला सुट्टी रविवारी असे. चित्त एकाग्र करावयास त्याच्यापाशी एक दिवस होता. त्याच शहरातील गिरणीकामगाराला मात्र तो नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्याने १८८४ पासून गिरणीकामगारांची संघटना बांधली, आणि सतत प्रयत्नांनंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रविवार हा महाराष्ट्रात खंडोबाचाही वार आहे. म्हणून या सुट्टीला साहेबाच्या धर्माखेरीज कामगाराच्या स्वतःच्या धर्माचाही आधार होता.

धर्मविचाराच्या इतिहासात या घटनेची नोंद सहसा होत नाही, कारण ती कामगार चळवळीच्या प्रकरणात घातली जाते. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिचे मोल फार आहे. एकाग्रता ही मनोनिग्रहाची बाब आहे, असे अध्यात्मग्रंथ सांगतात, व ते खरेही आहे. पण निग्रह करावयासही वेळ लागतो, आणि वेळ सर्वांना सारखा वाटलेला नसतो. ज्याचा संपूर्ण आठवडा दुसऱ्याने विकत घेतला आहे त्याला अंतर्मुख हो असे सांगणे हे उपदेशाचे रूप घेतलेले दुर्लक्षच होय. सत्याचा शोध घेण्यासाठी लागणारा दिवस आधी मिळवावा लागतो, हे सत्यशोधकांच्या कार्यातून प्रत्यक्षात दिसून आले.

६. समारोप

या चार नावांचा क्रम म्हणजे प्रगतीचा सरळ जिना आहे, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. नावावरून संस्थेचा संपूर्ण स्वभाव ठरत नाही, आणि पुढची संस्था आली म्हणून मागची खोटी ठरत नाही. दादोबांचा शोध परमहंस सभेबरोबर संपला नाही. १८७८ मध्ये त्यांनी स्वीडनबोर्ग या युरोपीय तत्त्वचिंतकाच्या ग्रंथांविषयी इंग्रजीत पुस्तक लिहिले, व १८८० मध्ये त्यांचा 'पारमहंसिक ब्राह्मधर्म' हा ग्रंथ निघाला. म्हणजे मोडलेल्या सभेचे नाव त्यांनी सुमारे वीस वर्षांनी, या वेळी छापील ग्रंथाच्या शीर्षकात, पुन्हा उच्चारले. गुप्ततेत जे राहिले होते ते शेवटी त्यांनी उजेडात आणले, ही गोष्ट त्यांच्याविषयी अखेरचा अभिप्राय देताना विसरून चालणार नाही.

त्याचप्रमाणे प्रार्थना समाज व सत्यशोधक समाज यांच्या वाटा कायमच्या वेगळ्या राहिल्या असेही नाही. प्रार्थना समाजाच्या वतीने ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात १९०१ ते १९०३ या काळात तौलनिक धर्माचे अध्ययन करून आलेले विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये अस्पृश्यवर्गाच्या उन्नतीसाठी मिशन स्थापन केले, व उपासनेची कसोटी मंदिराबाहेर नेली. हेच शिंदे मराठी व कानडी या भाषांच्या संबंधांचेही अभ्यासक होते. आरंभी व्याकरणकार आणि अखेरीस भाषासंशोधक, असा हा योग धर्मजिज्ञासा व शब्दजिज्ञासा यांच्या जवळिकीचा द्योतक म्हणता येईल.

चारही नावांना लावता येईल अशी एक कसोटी या इतिहासातून हाती येते. श्रद्धेचा खरेपणा तिच्या उत्कटतेवरून बाहेरच्यास पारखता येत नाही. ती कोणाकोणाला आत घेते, तिच्यापायी काय सोडावे लागते, आणि ती यादीत आपले नाव लिहू देते की नाही, हे मात्र पाहता येते. मानवधर्म सभेने पहिल्या प्रश्नाचे उत्तर तत्त्वतः दिले. परमहंस सभेने दुसऱ्याचे उत्तर बंद दाराआड दिले. प्रार्थना समाजाने तिसऱ्याचे उत्तर द्यावयास आरंभ केला, व मध्येच प्रायश्चित्ताचा प्रसंग त्याच्या धुरीणावर आला. सत्यशोधक समाजाने या तिहींच्या जोडीला चौथा प्रश्न उभा केला : शोध घेण्यास लागणारी सवड कोणाला आहे, आणि कोणाला नाही?

चित्त विखुरणारी साधने त्या काळाच्या मानाने आज शतपटींनी वाढली आहेत. तेव्हा गिरणीचा भोंगा व कचेरीचे घड्याळ माणसाचा वेळ मागत होते. आज खिशातला दूरध्वनी सुट्टीच्या दिवशीही तो मागतो. 'व्यग्र' या शब्दाचा कौतुकाचा अर्थ दृढ होत गेला आहे, आणि मूळ अर्थ कोशात उरला आहे. तो मूळ अर्थ पुन्हा ध्यानात आणून देणे एवढे काम भाषेचा अभ्यासक करू शकतो. विखुरलेली टोके एकत्र आणण्याचे काम मात्र प्रत्येकाला स्वतःच, आणि दादोबांच्या पिढीने शिकविल्याप्रमाणे शक्य तो दार उघडे ठेवूनच, करावे लागेल.